बॅटरी सेलमधील वेल्ड केलेल्या जोडण्या आणि पेटंट परीक्षण : नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत बॅटरीचे काम करणारे उद्योजक आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संशोधक विद्यार्थी पेटंटसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. सेलच्या आतली जोडणी आम्ही वेगळ्या तऱ्हेने वेल्ड केली आहे, मग परीक्षणात ती टिकेल का, हा त्यांतला पहिला. दरवेळी तोंडी सांगितलेले घरी जाईपर्यंत निम्मे विसरते, म्हणून ती उत्तरे इथे सविस्तर लिहिली आहेत. कायद्याचे उल्लेख पेटंट अधिनियम, १९७० आणि पेटंट नियम, २००३ यांचे आहेत. नियमांत मार्च २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्त्या विचारात घेतल्या आहेत.

सेलच्या आत नेमके काय वेल्ड केलेले असते आणि पेटंटच्या दृष्टीने त्याला एवढे महत्त्व का?

सगळ्यांच्या ओळखीचा १८६५० सेल घेऊ. त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. आत ॲल्युमिनियमची धन फॉईल आणि तांब्याची ऋण फॉईल, मध्ये सेपरेटर, म्हणजे त्या एकमेकींना टेकू न देणारा पातळ प्लॅस्टिकचा पडदा, घालून, सुरळीसारख्या गुंडाळलेल्या असतात. जुन्या आणि आजही चालणाऱ्या रचनेत धन फॉईलला ॲल्युमिनियमची पट्टी जोडून ती झाकणाला वेल्ड करतात आणि ऋण फॉईलची निकेलची पट्टी कॅनच्या तळाला स्पॉट वेल्ड करतात. लांबलचक फॉईलमधला सगळा प्रवाह या चिंचोळ्या पट्ट्यांतूनच बाहेर पडतो. २० अँपिअर प्रवाह वाहत असताना वाटेतला प्रत्येक मिलिओहम रोध ०.४ वॅट उष्णता निर्माण करतो. आकडा किरकोळ वाटतो, पण बंद कॅनमध्ये ती उष्णता साठत जाते, आणि नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांवर असताना ती बाहेर टाकणे आणखी कठीण होते. म्हणून पट्ट्या वाढवायच्या, किंवा फॉईलची संपूर्ण उघडी कडच एका चकतीवर वेल्ड करायची, असे मार्ग निघाले.

अडचण वेल्ड करण्यातच आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर असतो. तांबे इन्फ्रारेड लेसरचा बराचसा प्रकाश परतवून लावते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर त्याच्या शेजारचा पॉलिएथिलीनचा सेपरेटर १३० ते १३५ अंशांच्या आसपासच वितळतो, आणि त्या दोघांमध्ये अंतर जेमतेम काही मिलिमीटरचे असते. तांबे वितळवायचे पण सेपरेटरला झळ लागू द्यायची नाही, ही अडचण तुम्ही ज्या युक्तीने सोडवली असेल, पेटंटचा विषय बहुधा तीच असते.

वेल्डिंग तर जुनेच आहे. मग त्यात नावीन्य कसे दाखवायचे?

सेलमध्ये वेल्ड असणे जुनेच आहे. जास्त प्रवाह देणाऱ्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये प्लेटच्या कडा चकतीला वेल्ड करण्याची पद्धत कित्येक दशकांपासून आहे. टेस्लाने सप्टेंबर २०२० मध्ये ४६ मिलिमीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर लांबीचा टॅबविरहित, म्हणजे वर सांगितलेल्या पट्ट्या नसलेला, सेल जाहीर केला, आणि तेव्हापासून ‘टॅब नाही’ ही कल्पना सर्वांच्या तोंडी आहे. म्हणून ‘फॉईलची कड चकतीला वेल्ड केलेला सेल’ एवढाच दावा, म्हणजे कशावर हक्क हवा हे सांगणारे अर्जातले वाक्य, लिहिला, तर परीक्षकाला तो खोडायला फार शोधावे लागणार नाही.

नावीन्य तपासताना परीक्षक तुमच्या दाव्यातले एकेक वैशिष्ट्य घेतो आणि ती सगळी एकाच जुन्या दस्तऐवजात सापडतात का, हे पाहतो. पुढच्या उत्तरांसाठी एक काल्पनिक रचना धरू. तांब्याची चकती आहे, तिच्यावर केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या आठ खाचा आहेत, दर दोन खाचांच्या मध्ये वेल्डची एक रेघ आहे, आणि ती रेघ चकतीच्या कडेच्या ३ मिलिमीटर आधी थांबते. चकती, खाचा, वेल्डच्या रेघा आणि त्यांचे कडेआधी थांबणे ही चारही वैशिष्ट्ये एकत्र कुठेच नसतील, तर नावीन्य आहे. ही पायरी त्या मानाने सोपी असते. खरी परीक्षा त्यानंतरची.

‘हे कुशल कारागिराला सहज सुचले असते’ असा आक्षेप येतो. त्याचा अर्थ काय?

कायद्याच्या कलम २(१)(जेए) प्रमाणे शोधात, आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत, तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असले पाहिजे, आणि त्यामुळे तो त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड वाटणारा नसला पाहिजे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात जो निकाल दिला, तो याबाबतीत अजूनही पायाभूत मानला जातो. तो खटला भांडी लेथवर धरून ठेवण्याच्या एका साधनाचा होता, आणि केवळ कार्यशाळेतली सुधारणा पेटंटला पुरत नाही, त्याहून अधिक काही असावे लागते, असे त्यात ठरले. बॅटरीवाल्यांना मी हा खटला आवर्जून सांगतो, कारण आपले बहुतेक शोध कार्यशाळेतच होतात, आणि सुधारणा व शोध यांच्यातली रेघ कुठे आहे हे त्यातून चांगले उमगते.

आपल्या उदाहरणात परीक्षक दोन जुनी पेटंटे पुढे ठेवील असे समजा. पहिल्यात, म्हणजे डी१ मध्ये, चकतीवर कडेपर्यंत गेलेल्या वेल्डच्या रेघा आहेत. दुसऱ्यात, म्हणजे डी२ मध्ये, इलेक्ट्रोलाईट, म्हणजे सेलमधला द्रव, आत उतरावे म्हणून खाचा पाडलेली, पण नुसती दाबून बसवलेली चकती आहे. परीक्षक म्हणेल की दोन्ही एकत्र केले की तुमचा सेल तयार होतो. यावर ‘आमचा सेल फार चांगला आहे’ असे उत्तर लिहिणारे अर्जदार मी पाहिले आहेत, आणि अशा उत्तराने काहीही साधत नाही. साधते ते असे : डी१ जास्तीत जास्त संपर्क मिळावा म्हणून रेघ कडेपर्यंत न्यायला सांगतो, म्हणजे तो वाचणारा माणूस आमच्या उलट दिशेला जातो. डी२ मध्ये वेल्डच नसल्याने त्यातल्या खाचेला उष्णतेशी काही देणेघेणे नाही. आमच्या सेलमध्ये मात्र तीच खाच इलेक्ट्रोलाईटला वाट देते आणि वेल्डची उष्णता आडवी पसरण्यापासूनही रोखते. हे दुहेरी काम डी१ किंवा डी२ यांपैकी कुणीच सुचवत नाही. असा युक्तिवाद परीक्षक गांभीर्याने वाचतो, पण त्यामागचे मोजमाप मूळ विनिर्देशात, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या सविस्तर वर्णनात (स्पेसिफिकेशनमध्ये), असले पाहिजे.

कलम ३(एफ) चा आक्षेप हा वेगळा प्रकार आहे का?

होय. ज्ञात साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, जिच्यात प्रत्येक साधन आपापल्या परीने आणि ज्ञात पद्धतीनेच काम करते, तिला कलम ३(एफ) प्रमाणे शोध मानले जात नाही. उत्तर वरच्यासारखेच आहे : भाग एकमेकांवर परिणाम करतात हे दाखवायचे. खाचेमुळे वेल्डचे वर्तन बदलत असेल, तर ती निव्वळ मांडणी राहत नाही.

एफईआर आला आहे. आधी काय वाचावे आणि किती वेळ मिळतो?

प्रथम परीक्षण अहवालाला, म्हणजेच एफईआरला, उत्तर देण्यासाठी तो निघाल्याच्या तारखेपासून ६ महिने मिळतात. मुदत संपण्याआधी फॉर्म ४ भरला तर आणखी ३ महिने मिळू शकतात. उत्तरच दिले नाही, तर कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिला असे मानले जाते. मुदत डोक्यात ठेवू नका, एफईआर हातात पडला त्याच दिवशी कागदावर लिहून डोळ्यांसमोर लावा.

मी आधी अहवालाचा मजकूर बाजूला ठेवून त्यात उद्धृत केलेले जुने दस्तऐवज वाचतो, आणि त्यांतल्या आकृत्या सर्वांत आधी. परीक्षकाने ‘परिच्छेद अमुक ते तमुक’ असे लिहिलेले असते. तिथे खरोखर ते वैशिष्ट्य आहे का, हे आकृतीवर बोट ठेवून तपासावे लागते. एका अहवालात ‘वेल्डची रेघ’ म्हणून दाखवलेली जागा प्रत्यक्षात सीलिंग रिंगची घडी निघाली होती. तेवढे एक दाखवून दिल्यावर नावीन्याचा आक्षेप मागे घेतला गेला. परीक्षकही माणूस आहे, त्याच्यापुढे अनेक अर्ज असतात. त्याची चूक शांतपणे, पान आणि ओळ सांगून दाखवली की काम होते, चिडून लिहिले की ताठरपणा वाढतो.

त्यानंतर औपचारिक आक्षेप येतात : परदेशातील अर्जांची फॉर्म ३ मधील माहिती, अर्जाच्या हक्काचा पुरावा, आकृत्यांतले संदर्भांक. हे लगेच निस्तरून टाकावेत.

एफईआर आल्यावर नवे प्रयोग करून त्यांचे आकडे विनिर्देशात घालता येतील का?

येत नाहीत, आणि या एका गोष्टीमुळे चांगले शोध वाया जाताना पाहून मला खरोखर वाईट वाटते. कलम ५९ नुसार दुरुस्ती फक्त त्याग (मागितलेल्या हक्काचा काही भाग सोडून देणे), चूक सुधारणे किंवा स्पष्टीकरण या स्वरूपात करता येते. मूळ विनिर्देशात नसलेली नवी माहिती घालता येत नाही, आणि दुरुस्त दावा आधीच्या दाव्याच्या कक्षेबाहेर जाऊ शकत नाही.

काही वर्षांपूर्वी एक तरुण संशोधक उभा कापलेला सेल प्लॅस्टिकच्या डबीत घालून माझ्याकडे आला होता. त्याने चकती ओढून काढून दाखवली. वेल्ड सुटला नव्हता, उलट फॉईलच फाटून तिचे तांबूस तुकडे वेल्डच्या रेघांवर चिकटून राहिले होते, आणि जोड पक्का असल्याची हीच खूण. त्याच्या वहीतल्या एका पानावर तीन नोंदी होत्या : रेघ कडेपर्यंत नेली तेव्हा सेपरेटरची किनार तपकिरी होऊन आक्रसली, १ मिलिमीटर आधी थांबवली तेव्हा किनारीवर सुरकुत्या आल्या, ३ मिलिमीटर आधी थांबवली तेव्हा सेपरेटर जसाच्या तसा राहिला. त्या पानात त्याचा सगळा शोध होता. पण त्याने आधीच स्वतः दाखल केलेल्या विनिर्देशात ‘वेल्ड योग्य अंतरावर थांबवावा’ एवढेच वाक्य होते, आणि आकृतीतही मापे नव्हती. परीक्षकाने विचारले की योग्य म्हणजे किती, आणि का? वहीत उत्तर होते, अर्जात नव्हते. शेवटी दावा दुसऱ्या, कमी महत्त्वाच्या वैशिष्ट्यापुरता आखडून घ्यावा लागला.

नंतरचे प्रयोग शपथपत्रावर देता येतात, पण मूळ विनिर्देशात जे म्हटले आहे त्याला आधार म्हणूनच. जे म्हटलेच नाही, त्याची जागा ते भरून काढू शकत नाहीत. घाई असेल तर तात्पुरत्या विनिर्देशासह अर्ज करा, आणि मिळणाऱ्या १२ महिन्यांत मापे घेऊन पूर्ण विनिर्देश भरा.

दावा सेलचा करावा की वेल्डिंगच्या पद्धतीचा?

शक्य असेल तर दोन्हींचा, पण सेलचा आधी. प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यात लेसर किती क्षमतेचा आहे आणि तो कसा फिरतो, हे तुम्हाला कधी कळणार नाही. त्याचा सेल मात्र बाजारात विकत मिळतो, आणि प्रयोगशाळेत सुरक्षितपणे उघडला की चकती, खाचा आणि रेघा दिसतात. (पूर्ण डिस्चार्ज न करता, योग्य सोयीशिवाय लिथियम सेल कापायला जाऊ नका. आग लागते.) उल्लंघन सिद्ध करायचे झाल्यास, डोळ्यांना दिसणारी रचना हा चांगला पुरावा ठरतो.

एक चूक वारंवार दिसते. ‘लेसरने वेल्ड केलेली चकती’ असे सेलच्या दाव्यात लिहून लेसर हेच नावीन्य मानले जाते. अंतिम रचना जुन्या रेझिस्टन्स वेल्डच्या रचनेसारखीच असेल, तर नुसत्या साधनाच्या उल्लेखाने सेल नवा होत नाही. लेसरमुळे रचनेत काय बदलले, रेघेची रुंदी, खोली की जागा, ते लिहा.

‘ज्याचा अंतर्गत रोध अमुक मिलिओहमपेक्षा कमी आहे असा सेल’ असा दावा चालेल का?

एकट्याने चालत नाही. ती अपेक्षा झाली, रचना नव्हे. कलम १०(५) प्रमाणे दावे स्पष्ट, आटोपशीर आणि विनिर्देशातल्या मजकुरावर आधारलेले असावे लागतात. आधी रचना सांगा, रोधाचा आकडा तिच्या परिणाम म्हणून विनिर्देशात द्या, आणि तो कोणत्या तापमानाला, किती चार्जवर, कोणत्या पद्धतीने मोजला तेही लिहा. मोजण्याची पद्धत न सांगितलेला रोधाचा आकडा परीक्षणात फारसा उपयोगी पडत नाही.

महाविद्यालयाच्या प्रदर्शनात सेल आधीच दाखवला आहे. आता काय?

हा प्रश्न ऐकला की मन धास्तावते. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी आणि विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेल्या निबंधासाठी आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक तांत्रिक महोत्सवाला ती सहसा लागू होत नाही. तरी सगळे संपले असे लगेच समजू नका. तिथे नक्की काय दिसले, हा खरा प्रश्न आहे. बंद सेल टेबलावर ठेवला होता आणि आतला वेल्ड कोणी पाहिला नाही, तर गोष्ट वेगळी. भित्तिपत्रकावर उभ्या छेदाची आकृती होती, तर ती उघड झाली. त्या भित्तिपत्रकाचा फोटो शोधून आणा, तर्काने बोलू नका.

अर्जाआधी शोध कसा घ्यावा?

शब्दांनी शोधण्यापेक्षा वर्गीकरणाने शोधा. बॅटरीच्या आवरणाच्या आतील इलेक्ट्रोड जोडण्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एच०१एम ५०/५३१ आणि त्याखालच्या गटांत येतात. वेल्डने जोडण्याच्या पद्धतींसाठी ५०/५३६ पाहा. हे गट २०२१ पासूनचे आहेत. त्याआधीचे दस्तऐवज जुन्या एच०१एम २/२६ मध्ये सापडतील, आणि बरेच जण तिथे पाहायचे विसरतात. वेल्डिंगसाठी बी२३के हा वर्गही चाळावा. भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचे इनपास, जगभरच्या अर्जांसाठी एस्पासनेट आणि पेटंटस्कोप, हे तिन्ही मोफत आहेत.

नागपुरात पेटंटचे सरकारी कार्यालय आहे म्हणतात. अर्ज तिथेच द्यायचा का?

नाही. नागपुरात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे परीक्षकांना प्रशिक्षण मिळते आणि लोकांसाठी कार्यक्रमही होतात. अर्जांसाठी मात्र कोलकाता, दिल्ली, मुंबई आणि चेन्नई हीच चार कार्यालये आहेत, आणि महाराष्ट्र मुंबईच्या अखत्यारीत येतो. अर्ज ऑनलाइन होतो. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे घरबसल्या देता येते, आणि सुनावणीनंतर लेखी म्हणणे १५ दिवसांत द्यावे लागते. अर्ज नाकारला गेला तर अपील उच्च न्यायालयात होते.

खर्च आणि वेळ किती?

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे, म्हणजे फॉर्म १८ चे, ४,००० रुपये आहे. इतर कंपन्यांसाठी हेच ८,००० आणि २०,००० रुपये. ३० पानांपुढे प्रत्येक पानाचे आणि १० दाव्यांपुढे प्रत्येक दाव्याचे शुल्क वेगळे पडते. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षण आपोआप होत नाही, ते मागावे लागते, आणि १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी ही मागणी प्राधान्य तारखेपासून, म्हणजे त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिन्यांत करावी लागते. आधी ही मुदत ४८ महिने होती, आणि जुन्या माहितीवर विसंबून कोणी गाफील राहू नये. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा महिला अर्जदार असल्यास फॉर्म १८ए भरून जलद परीक्षण मागता येते.

आमचा पॅक एआयएस-१५६ च्या चाचण्यांत उत्तीर्ण झाला आहे. त्याचा परीक्षणात उपयोग होईल का?

नावीन्य सिद्ध करायला नाही. ते विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटरीच्या सुरक्षिततेचे मानक आहे, आणि जुन्या रचनेचा पॅकही त्यात उत्तीर्ण होऊ शकतो.

विनिर्देश मराठीत लिहिता येईल का?

कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीतच स्वीकारली जातात. तरीही माझा आग्रह असतो की, ज्याने शोध लावला त्याने आपल्या रचनेचे वर्णन आधी मराठीत, स्वतःच्या हाताने लिहावे. वेल्ड करणारा कारागीर ‘रेघ काठाला नेली की आतलं प्लॅस्टिक गोळा होतं’ असे म्हणतो, त्या एका वाक्यात कारण आणि परिणाम दोन्ही असतात. ते वाक्य नंतर कायद्याच्या भाषेत नीट उतरवता येते. तो कारागीर खऱ्या अर्थाने शोधाचा भागीदार असेल, तर त्याचे नाव शोधकर्त्यांत घालायचे टाळू नका.

पेटंट मिळाले की उत्पादनाला मोकळीक मिळते का?

मिळतेच असे नाही. पेटंट दुसऱ्याला रोखण्याचा हक्क देते. तुमची खाचेची चकती कोणाच्या तरी टॅबविरहित सेलच्या भारतातील पेटंटावर उभी असेल, तर त्याची परवानगी लागेल. उत्पादन सुरू करण्याआधी हे स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते.

पहिल्या भेटीला काय घेऊन यावे?

उभा छेद घेतलेला सेल किंवा त्याचे जवळून काढलेले फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून. प्रयोगांची मूळ वही, सुबक टंकलिखित प्रत नव्हे. आणि फसलेले वेल्ड : जळालेला सेपरेटर, भोक पडलेली फॉईल, अर्धवट धरलेली चकती. लोक ते फेकून देतात. तुमची रचना सहज सुचण्याजोगी नव्हती हे सांगताना मला सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच होतो, म्हणून प्रत्येकावर तारीख आणि वेल्डरची सेटिंग लिहून तेही डबीत घालून आणावेत.